थोड्या निद्रेने भागते काय?

कीर्तनानंतर भेटीस येणाऱ्या मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "महाराज, चार-पाच तास झोपलो तरी आमचे भागते. सवयच झाली म्हणा ना! याने पुढे देहाला काही अपाय होईल काय?" प्रश्न साधा दिसतो, पण सबंध आयुष्याचा आहे. म्हणून शास्त्राच्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडू आणि मग सिद्धांत पाहू.

पूर्वपक्ष असा : निद्रा म्हणजे तमोगुण. ती जितकी कमी, तितके आयुष्य कामी आले. शिवाय देह वळवावा तसा वळतो. चार तासांची सवय लावली की चार तास पुरतात.

आता याचा विचार करू. निद्रेचे प्रकार सांगताना चरकाचार्यांनी तमोगुणापासून होणारी निद्रा निराळी काढली आहे आणि रात्रीच्या स्वभावाने येणारी निद्रा निराळी. या दुसरीला त्यांनी 'भूतधात्री' म्हटले, म्हणजे प्राण्यांचे पोषण करणारी दाई! आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ, असेही चरकसंहितेत सांगितले आहे. उपस्तंभ म्हणजे टेकू. टेकू काढला म्हणून घर त्याच रात्री पडत नाही. चार पावसाळ्यांनी आढे खचते, तेव्हा कळते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति निजणाऱ्याला योग नाकारला, तसा अति जागणाऱ्यालाही नाकारला. आपण मात्र अर्धेच लक्षात ठेवतो!

राहिला सवयीचा मुद्दा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसे घेतली. काहींना रोज आठ तास, काहींना सहा, काहींना चार तास अंथरुणावर राहू दिले, असे १४ दिवस. रोज त्यांच्या अवधानाची परीक्षा घेतली. चार आणि सहा तासवाल्यांचे अवधान दिवसेंदिवस ढासळत गेले. शेवटी ते एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतके खालावले. आणि गंमत बघा : त्यांना स्वतःला मात्र 'थोडी झोप येते, बाकी ठीक आहे' एवढेच वाटत होते. सज्जनहो, इथेच सगळे मर्म आहे. ज्या बुद्धीने 'मला काही होत नाही' असा निकाल द्यायचा, तीच झोपेवाचून मंदावलेली. साक्षीदारच पेंगत असेल, तर त्याची साक्ष कोण खरी मानील?

दीर्घकाळाचे काय? ब्रिटनमध्ये सुमारे ८००० माणसांची २५ वर्षे पाहणी झाली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा, पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचेही कमी झोपेशी साहचर्य दिसते. कोणी नैयायिक म्हणेल, "साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे." बरोबर आहे. रोगामुळेही झोप उडते. पण शिकागो येथे ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर पचवण्याची शक्ती घटली. हा प्रयोग १९९९ सालचा. तेव्हा कारणाकडेही बोट जातेच. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकमताने सांगितले की, प्रौढ माणसाने नित्य सात तास किंवा अधिक झोपावे.

थोड्या झोपेवर खरोखर निरोगी राहणारी माणसेही आहेत. हा गुण जन्मजात असू शकतो, असे २००९ साली दिसून आले. पण अशी माणसे फार विरळ. अपवादावरून नियम बांधू नये.

मग एकादशीचा जागर सोडायचा काय? मुळीच नाही. महिन्यातून दोन रात्रींचा जागर निराळा आणि रोज दोन-तीन तास कापणे निराळे. सवय नसता जागरण घडले, तर जितके जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी जेवणापूर्वी निजावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. द्वादशीच्या पारण्याआधी थोडे पडावे, त्यात लाज कसली? रोज पहाटे चारला काकड्यासाठी उठणाऱ्याने रात्री नऊला अंथरूण धरावे. पहाट संभाळायची, तर रात्रीच्या गप्पा आवरल्या पाहिजेत. आणि दिंडीचा ट्रक चालवणाऱ्याला रात्रभर भजनात बसवून सकाळी गाडी हाकायला लावू नका. तिथे एक डुलकी म्हणजे कित्येकांच्या जिवाशी गाठ.

अंथरुणावर पडूनही झोप येत नाही, घोरता घोरता श्वास अडतो, किंवा रात्रभर निजूनही दिवसा डुलक्या येतात, अशांनी त्याला वैराग्य समजू नये, डॉक्टरांना दाखवावे.

सिद्धांत एवढाच : सवयीने झोपेची जाणीव बोथट होते, गरज कमी होत नाही. ज्या देहाने पंढरीची वाट चालायची, त्याचे रात्रीचे देणे रात्रीच द्यावे. थकलेल्या बाकीवर व्याज चढते आणि ते म्हातारपणी वसूल होते.