सरड्याआधी किडे

बिअर्डेड ड्रॅगन आणायचाय असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, ‘किड्यांचं काय?’ ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातला हा सरडा वाढीच्या वयात दिवसातून दोन-तीनदा जिवंत किडे मागतो. विकत मागवलेले डबे महाग पडतात आणि किडे अर्धेअधिक वाटेतच मरतात. म्हणून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मी रातकिडे वाढवायला घेतले.

पहिली वसाहत एका सकाळी उताणी पडलेली दिसली. त्याच खोलीत रात्रभर डासांचं लिक्विड चालू होतं. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं डास मारतात तशी रातकिडेही मारतात. तेव्हा कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांतलं काहीही त्या खोलीत नको. दुसरी वसाहत पावसाळ्यात गेली. हवा कोंदली, विष्ठा ओली झाली, अमोनियाचा वास सुटला. आता डब्याच्या झाकणाला आणि दोन्ही बाजूंना धातूची जाळी आहे (नायलॉनची ते कुरतडतात), आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवलेत, आणि तळ दर आठवड्याला झाडला जातो. पाण्याची वाटी ठेवली तर पिल्लं बुडतात. ओला स्पंज किंवा गाजराचे काप पुरतात. मुंग्यांसाठी जुना उपाय, दुधाच्या कपाटासारखाच: टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पाण्यात थोडा साबण घाला.

अंड्यांसाठी ओलसर कोकोपीटची बोटभर खोल डबी ठेवा. तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात आणि पुढे दीड-दोन महिन्यांत ती पूर्ण वाढतात. म्हणजे आज सुरू केलेल्या डब्यातून नेमाने खाऊ मिळायला दोन-अडीच महिने जातात. डबे दोन हवेत, वयात काही आठवड्यांचं अंतर ठेवून. एक बसला तर दुसरा सांभाळून घेतो. नर रात्रभर किरकिरतात, हे शेजाऱ्यांच्या आधी घरच्यांना सांगून ठेवा.

सगळ्यांत मोठा धक्का किड्यांचा नव्हता. ते भरपूर निघत होते, सरडा पोटभर खात होता, तरी त्याचे पाय थरथरू लागले आणि खालचा जबडा मऊ लागला. पशुवैद्यांनी हाडांचा आजार सांगितला. रातकिड्यांत आणि मीलवर्ममध्ये फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि सरड्याला हवं असतं नेमकं उलटं, साधारण दोनास एक. म्हणून खाऊ घालण्याआधी किड्यांना एक-दोन दिवस शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा असं ताजं खायला द्या आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरा. शिवाय ते कॅल्शियम अंगी लागायला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लागतोच. बंद काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतो.

किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नका, ते झोपलेल्या सरड्याला चावतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली पकडलेले किडेही नकोत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं. काजवा तर चुकूनही नको. अमेरिकेतले काही काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. नको झालेली वसाहत गच्चीवर मोकळी सोडू नका, डबा फ्रीझरमध्ये ठेवा.

आणि एक कायद्याचं. आपल्याकडचे कासव, घोरपड असे वन्य प्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी सायटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीत असलेल्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीपासून वन्यजीव कायद्यात बंधनकारक झाली आहे. विकणाऱ्याकडून कागद मागा. कागद नसतील तर प्राणी घेऊ नका.

माझा सल्ला एवढाच: आधी रातकिड्यांचा एक डबा आणा आणि अख्खा पावसाळा जगवून दाखवा. वास, किरकिर, दर आठवड्याची साफसफाई घराला झेपली, तरच सरड्याचा विचार करा. नाही झेपली, तर फक्त एक डबा वाया जाईल. मुका जीव तरी हाल सोसणार नाही.