मोठे कॅलिबर, मोठा झटका : जलद नेमबाजीचे विज्ञान



चित्रपटातला नायक भले मोठे पिस्तूल एका हातात धरून धडाधड गोळ्या झाडतो आणि प्रत्येक गोळी नेमकी जागेवर लागते. त्यामुळे पिस्तूल जितके मोठे तितका नेमबाज मोठा, असा समज मुलांच्या मनात सहज रुजतो. ऑलिम्पिकमधील जलद नेमबाजीत मात्र फक्त ०.२२ इंच, म्हणजे ५.६ मिलिमीटर कॅलिबरचे लहानसे काडतूस वापरतात. असे का, याचे उत्तर आपल्या भौतिकीच्या वर्गातच आहे.

झटका कोठून येतो?

न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ असतो. गोळी पुढे जाते, तेव्हा तितकाच संवेग पिस्तुलाला मागच्या दिशेने मिळतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आता प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू.

०.२२ च्या गोळीचे वस्तुमान सुमारे २.६ ग्रॅम आणि वेग सुमारे ३३० मीटर प्रति सेकंद असतो. संवेग झाला ०.८६. पिस्तूल १.२ किलोचे असेल तर ते सेकंदाला ०.७२ मीटर वेगाने मागे येईल. ९ मिलिमीटरची गोळी सुमारे ८ ग्रॅमची आणि वेग सुमारे ३५० मीटर. संवेग २.८. पिस्तूल ९०० ग्रॅमचे धरले तर मागे येण्याचा वेग ३.१ मीटर होतो. दारूच्या जळण्याने तयार होणाऱ्या वायूंचा वाटा येथे सोपेपणासाठी सोडला आहे.

संवेग जेमतेम सव्वातीन पट वाढला. पण पिस्तुलाची गतिज ऊर्जा काढा. पहिल्याची सुमारे ०.३ ज्यूल, दुसऱ्याची ४.३ ज्यूल, म्हणजे चौदा पट! ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असतो, म्हणून हा फरक. ही सारी ऊर्जा नेमबाजाचा तळहात, मनगट आणि खांदा यांना झेलावी लागते.

शिवाय पिस्तुलाची नळी मुठीच्या वर असते. झटक्याचे बल वरून येते आणि हाताचा आधार खाली असतो, म्हणून पिस्तूल नुसते मागे न येता मनगटाभोवती फिरते व नळीचे तोंड वर उचलले जाते. याच कारणाने क्रीडा-पिस्तुलांची मूठ अशी बनवतात की हात नळीच्या शक्य तितका जवळ राहावा.

खरा प्रश्न दुसऱ्या गोळीचा

पहिल्या गोळीवर झटक्याचा परिणाम फारसा होत नाही. ०.२२ ची गोळी १२ सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत पिस्तूल जेमतेम पाव मिलिमीटर मागे सरकलेले असते. खरी परीक्षा पुढे असते. उचललेली नळी परत खाली यायला हवी, पुढची माशी आणि मागची खाच पुन्हा एका रेषेत यायला हव्यात, आणि मगच चाप ओढायचा.

ऑलिम्पिकच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल स्पर्धेत शेजारी शेजारी पाच लक्ष्ये असतात. खेळाडू हात खाली तिरका ठेवून उभा राहतो. इशारा होताच हात उचलून प्रत्येक लक्ष्यावर एक, अशा पाच गोळ्या झाडायच्या. त्यासाठी आधी ८ सेकंद, मग ६ आणि शेवटी फक्त ४ सेकंद मिळतात. चार सेकंदांपैकी दोन पहिल्या गोळीत गेले, तर उरलेल्या चार गोळ्यांना प्रत्येकी अर्धाच सेकंद राहतो.

त्यातच दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे. माशी आणि खाच यांत सुमारे २२ सेंटिमीटर अंतर असते. त्यांची रेषा अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकली, तरी २५ मीटरवर गोळी साडेपाच सेंटिमीटरहून अधिक सरकते आणि दहाचे वर्तुळ हुकते. झटका जितका मोठा, तितका रेषा परत जुळायला वेळ अधिक. घाई केली तर गुण जातात आणि थांबले तर वेळ जातो.

कॅलिबर तेच, झटका निराळा

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅलिबर म्हणजे केवळ व्यासाचे माप. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत या स्पर्धेत ०.२२ शॉर्ट हे आखूड काडतूस चालत असे. त्याची गोळी सुमारे १.९ ग्रॅमची आणि झटका फारच कमी. २००५ पासून ०.२२ लाँग रायफल हे काडतूस आणि चापाला किमान १ किलोचा भार बंधनकारक झाला. व्यास तोच राहिला, पण झटका वाढला. स्पर्धा इतकी कठीण झाली की विक्रमांची नोंद नव्याने सुरू करावी लागली. म्हणून नुसत्या कॅलिबरवरून झटका ठरवू नये. गोळीचे वस्तुमान, तिचा वेग आणि पिस्तुलाचे वजन, तिन्ही पाहावे.

या कठीण झालेल्या स्पर्धेतच २०१२ साली लंडनला आपल्या विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्यांचे ४० पैकी ३० नेम लागले. तेव्हा ते सेनेत सुभेदार होते आणि त्यांचा सराव आपल्या इंदूरजवळच्या महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिटमधला होता. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेही याच लहान काडतुसावर.

झटक्याची भीती

झटक्याचा आणखी एक परिणाम आकड्यांत मावत नाही. नवशिक्याच्या हाती एकदम मोठ्या झटक्याचे पिस्तूल दिले, की दोन-चार गोळ्यांतच शरीर तो झटका ओळखू लागते. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, मनगट ताठ होते आणि नळी खाली झुकते. ही सवय एकदा लागली की सुटायला फार काळ जातो. म्हणूनच प्रशिक्षक मुलांना १० मीटरच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करायला लावतात. त्यात झटका नगण्य असतो आणि सारे लक्ष माशी, श्वास व चाप यांवर राहते.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना आमचे सांगणे एवढेच, की मुलाला या खेळाची आवड असेल तर मोठ्या पिस्तुलाची घाई करू नये. मान्यताप्राप्त रेंज, जाणता प्रशिक्षक आणि सुरक्षिततेची कडक शिस्त यांना पहिले स्थान द्यावे. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून सराव केला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये याच रॅपिड फायर प्रकारात सुवर्णपदक जिंकले. नेम सरावाने घडतो, मग हात कोणताही असो.

स्वाध्याय

१. गोळी १.९ ग्रॅम, वेग २५० मीटर प्रति सेकंद आणि पिस्तूल १.२ किलोचे आहे. पिस्तूल किती वेगाने मागे येईल?
२. याच पिस्तुलाला २०० ग्रॅमचे वजन जोडले, तर मागे येण्याच्या वेगात काय फरक पडेल?
३. माशी व खाच यांत २२ सेंटिमीटर अंतर आहे. रेषा अर्धा मिलिमीटर चुकली, तर १० मीटरवर गोळी किती सरकेल?

उत्तरे वहीत सोडवून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावीत.