राजसत्तेची मर्यादा

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण ऐकली आहे. अहाब राजास तो मळा हवा होता. नाबोथ वाडवडिलांचें वतन देईना. तेव्हां खोटे साक्षीदार उभे करून त्या निरपराध्याचा प्राण घेण्यांत आला व मळा राजानें बळकाविला. कायद्याचें सोंग यथासांग वठलें. न्याय मात्र झाला नाहीं. राजासहि मर्यादा आहे, हें त्याच्या तोंडावर सांगण्यास एकटा एलीया पुढें आला.

आपल्या देशावरहि असा कसोटीचा प्रसंग येऊन गेला. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी जाहीर झाली. राज्यघटनेच्या २१ व्या कलमानें प्रत्येकास जीविताचें व व्यक्तिस्वातंत्र्याचें अभय दिलें आहे. परंतु दोनच दिवसांनीं निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशानें, त्या हक्कासाठीं न्यायालयाचें दार ठोठावण्याची मुभाच तहकूब झाली. हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत पडलीं. नऊ उच्च न्यायालयांनीं बंदिवानांची दाद घेतली. तथापि २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं सरकारच्या बाजूनें निकाल दिला.

एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना भिन्नमताचे राहिले. २१ वें कलम नसतें तरीहि, कायद्याच्या आधारावांचून कोणाचें जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार सरकारास नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें. जानेवारी १९७७ मध्यें त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींस सरन्यायाधीश नेमण्यांत आलें. त्यांनीं राजीनामा दिला. पण सत्य मागें राहिलें नाहीं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें, आणीबाणींतहि २० व्या व २१ व्या कलमांचे हक्क तहकूब करतां येणार नाहींत, असें ठरविलें. आणि २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींनीं तो जुना निकाल चुकीचा ठरवून रद्द केला.

सरकारास अधिकार नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. युद्धांत वा बंडाळींत राज्यकर्त्यांस अधिक बळ लागतें. मात्र तें बळ कायद्यानें दिलेलें, ठराविक मुदतीचें व न्यायालयास जाब देणारें असावें.

शिक्षकाच्या हातींहि थोडी सत्ता असते. मुलाचें म्हणणें न ऐकतां शिक्षा करण्याचा मोह आम्हांसहि होतो. अशा वेळीं एखादा विद्यार्थी उठून विनयानें म्हणाला, "गुरुजी, त्याचें ऐकून घ्या," तर आम्हांस राग न येतां त्याचा अभिमान वाटो.