रिकाम्या वर्गातील तंबोरा

मुलांनो, शिक्षक विद्यार्थ्यांना शिकवितो, हे तुम्ही रोज पाहता. पण वर्गही शिक्षकाला पुष्कळ काही शिकवीत असतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या चरित्रात ही गोष्ट स्पष्ट दिसून येते.

विष्णूचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. बालपणी शोभेच्या दारूचा भडका उडून त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी मंदावली आणि शाळेची पुस्तके दुरावली. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्याचे गायनाचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी ही विद्या गुरुगृही राहून, सेवा करून, गुरुमुखातूनच मिळवावी लागे. पाठ्यपुस्तक नसे, वेळापत्रक नसे. कोणती चीज केव्हा मिळेल, हे गुरूच्या मर्जीवर असे. शिवाय, गाणे ऐकून माना डोलविणारे लोक गवयाला मात्र समाजात मान देत नसत. हे शल्य विष्णुबुवांच्या मनात खोल रुतले होते.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गावोगाव गात ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही शाळा राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालावयाची होती.

आरंभी कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, अशी आठवण सांगतात. बुवा मात्र ठरलेल्या वेळी वर्गात येत, तंबोरा जुळवीत आणि एकटेच गात बसत. विद्यार्थी येवोत वा न येवोत, शाळेची वेळ म्हणजे शाळेची वेळ! रिकाम्या वर्गाने दिलेला हा पहिला धडा होता.

पुढे वर्ग भरू लागला, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. गुरूच्या घरी दोन-चार शिष्य असत. येथे अनेक मुले एकदम बसत. कोणाचा आवाज गोड, कोणाचा जाडा. कोणी चटकन् उचली, कोणाला दहा वेळा सांगावे लागे. एकाच वेळी सर्वांना कसे शिकवावे? बुवांनी स्वर लिहून दाखविण्याची पद्धती तयार केली. सा, रे, ग, म या अक्षरांना खुणा जोडल्या, म्हणजे स्वर उंच की खालचा आणि किती वेळ धरावयाचा, हे वाचून कळे. ‘संगीत बालप्रकाश’ यासारखी क्रमिक पुस्तके त्यांनी रचिली आणि ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना काढला. मुलींनाही त्यांनी ही विद्या खुली केली. एकटा माणूस किती जणांना पुरणार, हे ओळखून नवे शिक्षक घडविणारा उपदेशक वर्गही त्यांनी चालविला.

१९०८ साली मुंबईत विद्यालय निघाले. त्याच्या इमारतीसाठी कर्ज झाले आणि अखेर ती वास्तू हातची गेली. पण विद्या कर्जात बुडत नाही. १९३१ साली बुवा निवर्तले, तेव्हा त्यांचे शिष्य देशभर शिकवीत होते. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले आणि पुढील वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले.

आज वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावची एखादी मुलगी पेटीवर बोट ठेवून सा, रे, ग म्हणू लागली, तर तिला कोणाच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरावे लागत नाही. पुस्तक उघडले की धडा समोर असतो. सगळेच काही तानसेन होत नाहीत. पण मन लावून ऐकणारा कानसेन कोणालाही होता येते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुस्तकात स्वराची खूण मिळते, स्वर मिळत नाही. तो गळ्यात उतरविण्यासाठी, कोणी ऐकावयास असो वा नसो, रोज ठरल्या वेळी बसावेच लागते.