लुंबिनीला जाताना कागद, गोळ्या आणि पाणी



अमरावती-अकोल्याहून सारनाथ, कुशीनगर करत गाडी सोनौलीला पोहोचली की पुढे नेपाळ. आपल्याला व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, तेही मूळ. नुसत्या आधारवर विसंबू नका. ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना चालते. पैसे शंभराच्या नोटांत ठेवा.

बीपी, शुगरच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. सुट्या गोळ्या कस्टमवाल्यालाही ओळखू येत नाहीत, परक्या डॉक्टरलाही नाही.

विदर्भात आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. वाटेत लघवीला जागा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. सिकलसेलच्या पेशंटला पाणी कमी पडले, थंडी लागली, की हाडेसांधे असह्य ठणकतात. म्हणून गाडी दर दोन तासांनी थांबवायची, हे निघण्याआधीच ठरवून घ्या. सिकलसेल कार्ड आणि स्वेटर सोबत ठेवा. ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे दिसले, तर दर्शन राहू द्या. आधी दवाखाना गाठा.

तराईत डास फार. अंगभर कपडे घाला. परतल्यावर ताप आला, तर नेपाळला गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.