वळवाचं आभाळ, लांबून

एप्रिल-मे महिन्यांत सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, माण-खटावच्या माळावर, दुपारी चारनंतर आभाळ भरून यायला लागतं. सकाळपासून रखरखीत, पांढरं पडलेलं रान बघता बघता रंग धरतं. ढग पूर्वेला चढत असतो, सूर्य पश्चिमेला अजून मोकळा असतो आणि तिरप्या उन्हात ताजी नांगरट, कडब्याच्या गंज्या, एखादं कौलारू घर काळ्यानिळ्या आभाळापुढे उजळून निघतं. हा उजेड फार वेळ टिकत नाही. तेवढ्यासाठी पुण्या-साताऱ्याकडचे हौशी छायाचित्रकार हल्ली मुद्दाम गाड्या काढतात. ढगाच्या जितकं जवळ जाऊ तितका फोटो जोरकस येईल, असा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो, आणि हा समज जिवावर बेतू शकतो.

वळवाचा ढग उभा वाढतो. आपल्या भागात त्याचा माथा पंधरा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. एवढी उंच वस्तू नजरेत मावायची तर तीस-चाळीस किलोमीटर लांबच उभं राहायला हवं. तिथून त्याचा फुगत जाणारा अंगाचा भाग दिसतो, माथ्यावर सपाट पसरलेला पांढरा थर दिसतो, खाली जमिनीपर्यंत लोंबणारे पावसाचे पडदे दिसतात. काही पडदे तर जमिनीला टेकायच्या आधीच कोरड्या हवेत विरून जातात. हे दृश्य पर्जन्यछायेच्या मुलखात विशेष खुलतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास; त्यामुळे माणची हवा कोरडी, नजर लांबवर जाते. ढगाच्या पोटाखाली गेल्यावर मात्र वर नुसती करडी चादर उरते.

वाईचा एक कलाशिक्षक गेली बरीच वर्षं वळवाचे फोटो काढतो. त्याला आलेला अनुभव या हौसेत पडणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी तो वर्धनगडाच्या घाटात थांबला होता. पूर्वेला खटावच्या अंगाला मोठा ढग चढत होता. घाटातून त्याने भरपूर फोटो काढले, मग ढगाच्या मागे गाडी पुसेगाववरून पुढे काढली आणि गोंदवल्याच्या पलीकडे एका माळाच्या चढावर ट्रायपॉड लावला. शेजारी एकुलता एक लिंब. माळावर दुसरं उंच असं काहीच नव्हतं.

खालच्या अंगाला एक मेंढका मेंढरं वळवत होता. तो लगबगीने वर आला. “पाव्हणं, बास करा आता. इज झाडावर उतरती. झाडाखाली थांबू नगा.”

“मामा, दोन मिनिटं. एवढा एक फोटो होऊ दे.”

“वारं फिरलंय बघा. मेंढरं एका जागी गोळा झाली. आता दोन मिनिटं न्हाईत.”

वारं खरंच फिरलं होतं. मघापर्यंत पाठीमागून ढगाकडे वाहणारी गरम झुळूक थांबली होती आणि समोरून गार वारा तोंडावर यायला लागला होता. त्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. शिक्षकाने कॅमेरा काढून घेतला, ट्रायपॉड तसाच सोडला आणि दोघे उताराला उभ्या असलेल्या गाडीत येऊन बसले. काचा वर केल्या. धुळीचा लोट आला, पाठोपाठ टपोरे थेंब, मग उजेड आणि आवाज एकदमच झाला. पाऊस सरल्यावर ते बघायला गेले तेव्हा लिंबाची साल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पट्टीसारखी सोलून निघाली होती, आतलं लाकूड ओलं पांढरं दिसत होतं, आणि ट्रायपॉड त्याच बुडख्याशी आडवा पडला होता.

रात्री त्याने फोटो संगणकावर उघडले. माळावरून शेवटी काढलेल्या फोटोंत धूळ आणि करड्या रंगाखेरीज काही नव्हतं. ठेवण्यासारखे सगळे फोटो घाटातले निघाले.

मेंढक्याने जे सांगितलं त्यामागे पक्का हिशेब आहे. पाऊस पडताना थेंबांचं बाष्पीभवन होतं, हवा गार होऊन जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर सगळीकडे पसरते. पावसाच्या पुढे येणारा तो गार वारा म्हणजे ढग आता आपल्यावर येतोय याची सूचना. विजेला तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. ती ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, जिथे अजून थेंबही पडलेला नाही, अशा जागीही उतरू शकते. म्हणून जाणकार तीस-तीसचा नियम पाळायला सांगतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर आडोशाला जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंदांना वीज दहा किलोमीटरवर आलेली असते. नियमाचा दुसरा भाग छायाचित्रकार हमखास मोडतात, कारण पाऊस थांबल्याबरोबर इंद्रधनुष्य दिसतं. अशा वेळी गाडीच्या काचेतून फोटो काढावा, पण बाहेर पडू नये.

आडोसा म्हणजे पक्कं घर किंवा धातूचं छप्पर असलेली बंद गाडी. गाडीवर वीज पडली तरी ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. फक्त काचा बंद हव्यात आणि आतल्या धातूच्या भागांना हात लावायचा नाही. मोटरसायकल, उघडी पत्र्याची शेड, मेंढक्याचं पाल, देवळाचा उघडा मंडप यांपैकी काहीही आडोसा नाही. झाड तर नाहीच. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी मारते, शिवाय मुळांच्या बाजूने जमिनीत पसरते, आणि चारही पाय जमिनीला टेकलेली जनावरं त्या प्रवाहाने मोठ्या संख्येने मरतात. ट्रायपॉड धातूचा असो वा कार्बन फायबरचा, फरक पडत नाही. उघड्या माळावर सगळ्यांत उंच काय आहे, एवढंच महत्त्वाचं. मोकळ्यावर अडकलोच तर चढावरून खाली उतरावं, एकमेकांपासून अंतर ठेवावं, पाय जोडून उकिडवं बसावं. याने धोका कमी होतो, टळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात २,८८७ माणसं वीज पडून गेली. ११ जुलै २०२१ च्या संध्याकाळी जयपूरला आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडली, त्यात किमान अकरा जणांचा जीव गेला. पावसाळी हवेत लोक तिथे फोटो, सेल्फी काढायला चढले होते. असा बुरूज, असा सडा, असं पठार आपल्याकडे गावोगाव आहे, आणि पावसाच्या सुरुवातीला तिथे हीच गर्दी असते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असावं. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळांत नुकत्याच कुठे विजा पडल्या ते त्यात दिसतं. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि रडारचं चित्र निघण्याआधी बघून घ्यावं. शेवटी गावातल्या माणसाला विचारावं. ढग कुठून कुठे सरकतो, कोणत्या ओढ्याला पाणी आधी येतं, हे त्याला ॲपपेक्षा बारकाईने ठाऊक असतं. ओढ्याचा मुद्दा तर फारच कमी जण ध्यानात घेतात. पाऊस वरच्या डोंगरात पडतो, आपल्या डोक्यावर ऊन असतं, आणि येताना कोरडी असलेली फरशी परतताना पाण्याखाली गेलेली असते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, अलीकडेच थांबायचं.

आता कॅमेऱ्याबद्दल. समोरचं आभाळ काळं असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो फोटो उजळ करतो आणि ढगाच्या चकाकत्या कडा पांढऱ्याफटक होतात. एकदा उडालेला तो तपशील परत मिळत नाही. म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली ठेवावं, हिस्टोग्रामची उजवी बाजू बघत राहावं आणि फाइल रॉमध्येच घ्यावी. वाऱ्यात ज्वारीची ताटं आणि फांद्या हलतात; त्या स्पष्ट हव्या असतील तर शटर १/२५० च्या पुढे न्यावं. रात्रीच्या विजेसाठी उलट करावं लागतं: आयएसओ १०० ते २००, ॲपर्चर एफ/८, शटर दहा-वीस सेकंद, फोकस हाताने लांबवर लावलेला, आणि एकामागून एक फोटो काढत राहायचं. लांबच्या ढगातली वीज अशी गाडीत बसून, काचेला लेन्स टेकवूनही छान मिळते. फोनवाल्यांनी पडद्यावर ढगाच्या उजळ भागावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा, कारण फोन स्वतःहून सावल्या उजळवतो आणि वादळ सपाट करून टाकतो.

गार एसीतून कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं. थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी एसी बंद करून काचा खाली कराव्यात. घरी आल्यावर भिजलेला कॅमेरा बॅगेत कोंडू नये; पुसून पंख्याखाली ठेवावा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती याच हयगयीने.

एडिटिंगमध्ये वादळाची खरी कसोटी लागते. आभाळ आणि जमीन एकाच फोटोत नीट उतरत नाहीत, ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला अतिसंवेदनशील होत्या, त्यामुळे आभाळ कोरं पांढरं यायचं. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून छपाई केली. अमेरिकेचा अँसल ॲडम्स याने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एकाच निगेटिव्हच्या सुरुवातीच्या छपाईत आभाळ बरंच उजळ आहे, पुढच्या वर्षांत तो ते गडद करत गेला आणि शेवटी जवळजवळ काळं झालं. म्हणजे हात लावणं हे पाप नाही. त्याच्या खेड्यातली घरं, क्रूस, चंद्र सगळं जिथल्या तिथे होतं.

उलट उदाहरण २०१२ चं आहे. ब्रिटनच्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत लिंडिसफार्न बेटावरच्या उलट्या ठेवलेल्या होड्यांचा फोटो पहिला आला. त्यावरचे ढग नंतर भरलेले होते आणि त्या गटात तसं करायला मनाई होती. बक्षीस काढून घेण्यात आलं. २०२०पासून फोटोशॉपमध्ये आभाळ बदलायची सोय एका क्लिकवर आली आहे, त्यामुळे हा मोह आता प्रत्येकाच्या हाताशी आहे. तयार आभाळ चिकटवलेला फोटो बहुतेक वेळा उजेडाने पकडला जातो: ढगामागे सूर्य डावीकडे आणि बांधावरच्या बाभळीची सावलीही डावीकडे.

वाईच्या शिक्षकाने घाटातल्या एका फोटोवर सुरुवातीला डीहेझ आणि सॅच्युरेशन भरपूर चढवलं होतं. ढग कोळशासारखा झाला, नांगरट लालभडक झाली, डोंगराच्या कडेला पांढरी झालर उमटली. खटावच्या एका शेतकऱ्याने तो बघून विचारलं, “हे कुठलं हो रान?” ते त्याच्याच शिवारातलं होतं. शिक्षकाने सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. आता त्याची रीत साधी आहे. आधी व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडाचा. मग आभाळाला वेगळा मास्क लावून हायलाइट थोडे खाली. काळेपणा वाढवायचा नाही. उन्हातल्या रानाला किंचित उजेड, कारण आभाळ गडद दिसतं ते खालच्या उजळ पट्ट्यामुळे, आणि तो पट्टा मंद केला की वादळाचा जोर जातो. डीहेझ लावलंच तर फक्त लांबच्या पावसाच्या पडद्यावर, तेही जेमतेम. जूननंतरच्या फोटोंत हिरवा रंग सगळ्यांत आधी बिघडतो. सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी तो जरा पिवळ्याकडे झुकवून कमी केला की कोवळं गवत गवतासारखं दिसतं. पूर्ण झालेला फोटो तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघतो, कारण रात्री थकलेले डोळे गडद रंगाला सरावतात. अनेक विजा एका फोटोत जोडल्या असतील तर तळाशी तसं स्पष्ट लिहितो.

मूळ रॉ फाइल, तारीख-वेळेसकट, तो कधीच पुसत नाही. त्याचा एक उपयोग हौसेपलीकडचा आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रभर द्राक्षं, गहू, हरभरा झोपवला, आणि तेव्हापासून अवकाळीची गारपीट शेतकऱ्याच्या पाठी लागलेलीच आहे. छायाचित्रकाराला जे आभाळ देखणं वाटतं, त्याखाली कुणाचं तरी वर्षाचं पीक असतं. म्हणून शेतात शिरण्याआधी विचारावं, पडलेल्या पिकातून चालू नये, आणि गारा पडल्या असतील तर ढगाचे फोटो राहू देऊन बांधावरून शेताचे साधे, स्वच्छ, काहीही न बदललेले फोटो काढून मालकाच्या फोनवर तिथल्या तिथे पाठवावेत. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येईपर्यंत गारा वितळून गेलेल्या असतात.