जुना अँप्लिफायर का गुणगुणतो? आवाजावरून दोष शोधण्याचा पाठ



अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, बऱ्याच घरांत माळ्यावर आजोबांच्या काळातला स्टीरिओ अँप्लिफायर पडून असतो. लावला की 'घूंऽऽ' करतो, म्हणून तो थेट भंगारात जातो. खरं तर दुखणं कुठे आहे हे तो आवाजच सांगत असतो. 'अंदाज' आणि 'निदान' यांतला फरक मुलांना यातून छान समजतो. इयत्ता पाचवी ते आठवीसाठी हा पाठ घेता येईल.

आधी सुरक्षितता
झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जोरदार झटका बसू शकतो. आपलं सगळं काम बाहेरूनच होतं. प्रत्येक वायर बदलण्याआधी मोठ्यांनी सेट बंद करायचा.

आवाज ओळखा
१. घूंऽऽ : एकसारखी, जाड गुणगुण.
२. सूंऽऽ : पावसासारखा बारीक आवाज. बहुधा आतल्या जुन्या ट्रान्झिस्टरसारख्या भागांतून येतो.
३. खर्रखर्र : बटण फिरवताना येते. व्हॉल्यूम कंट्रोलच्या आत धूळ किंवा गंज असतो. मुंबईच्या दमट हवेत हे फार होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने बऱ्याचदा काम भागतं.

कृती : एका वेळी एकच बदल
१. व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला, तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागात. तसाच राहिला, तर नंतरच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये.
२. सिलेक्टर फोनोवरून टेपवर न्या. आवाज फक्त फोनोवर येत असेल, तर रेकॉर्ड प्लेअर, त्याची केबल, त्याची अर्थ वायर किंवा अँप्लिफायरचा फोनो भाग तपासायचा.
३. प्लेअरच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. आवाजानेही बाजू बदलली, तर दोष प्लेअर किंवा केबलमध्ये. नाही बदलली, तर पुढे जा.
४. पिना पूर्ववत करून स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष अँप्लिफायरच्या एका बाजूत. त्याच स्पीकरमध्ये राहिला, तर स्पीकर तपासा.

दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळतच नाही. म्हणून मुलांनी वहीत 'काय बदललं – काय ऐकू आलं – म्हणजे काय' असे तीन रकाने आखावेत.

५० की १००?
आपल्या घरची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. प्रत्येक फेरीचे दोन अर्धे भाग असतात. अँप्लिफायरमधला रेक्टिफायर दोन्ही भाग एकाच दिशेला वळवतो, म्हणून सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. ते सपाट करणं हे मोठ्या कपॅसिटरचं काम. वर्षानुवर्षांनी तो आतून सुकतो, उंचवटे राहतात आणि १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ५० हर्ट्झची खोल गुणगुण मात्र बहुधा केबलमधून किंवा अर्थिंगच्या घोळातून येते. अशा वेळी दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावून पाहा. पण प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका. ती जीव वाचवते. मोबाइलवरच्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या अॅपने मुलांना हा आकडा तपासता येईल.

पाठाचं फलित
मेकॅनिककडे जाऊन 'आवाज येतो' एवढंच सांगितलं तर तो एकेक भाग बदलत बसेल. त्याऐवजी 'व्हॉल्यूम शून्यावरही दोन्ही बाजूंनी १०० हर्ट्झची घूं येते' असं मुलाने सांगितलं, तर तो आधी कपॅसिटरच बघेल. असे सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. थोड्या खर्चात आजोबांचा सेट वाचू शकतो. आणि न वाचला तरी, 'बिघडलंय' म्हणून टाकण्याआधी 'नेमकं कुठे?' असं विचारायची सवय मुलाला लागते. गणित चुकलं तरी तोच प्रश्न विचारायचा असतो.

आपल्या वर्गात जरूर करून बघा.